एकशे सहा घोडे

आमच्या बदलापूरच्या नावाची एक गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शिवाजी महाराजांचे घोडदळ सुरतेकडे जाताना म्हणे इथे थांबे, दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेई आणि पुढे दौडत जाई. म्हणून हे बदलापूर. व्युत्पत्ती हा माझ्या पोटापाण्याचा विषय असल्यामुळे इतक्या सोयीच्या व्युत्पत्तीवर फार विसंबू नये, एवढे मला कळते. पण गोष्ट झकास आहे, आणि गेले चार महिने मला तिची रोज आठवण होते आहे. कारण शिरगावातल्या आमच्या घरी १०६ घोडे आणावेत की आणू नयेत, हा प्रश्न चार महिने जेवणाच्या ताटावर येऊन बसत होता.

हे घोडे एका इंजिनातले आहेत. होंडा सिटी या मोटारीचा एक जुना प्रकार २००० सालच्या सुमारास रस्त्यावर आला होता. त्याचे दीड लिटरचे इंजिन १०६ अश्वशक्तीचे होते आणि मोटारवेड्या मंडळींत त्याचे नाव अजून आदराने घेतात. असे एक इंजिन माझ्या धाकट्या भावाने कुर्ल्याच्या भंगार बाजारात हेरून ठेवले आहे. त्याच्याभोवती पोलादी नळ्या वाकवून, जोडून, सांगाड्यापासून सगळी गाडी स्वतःच्या हातांनी बांधायची, हा त्याचा बेत. या गाडीला दारे नसतील, मागचे बाक नसेल, डिकी नसेल, भोंगासुद्धा नसेल. ती फक्त सरळ पळेल, आणि तीही ४०२ मीटर.

"आणि पुढे?" आईने विचारले.

"पुढे काही नाही. थांबायचे, आणि ढकलत परत आणायची."

आईने माझ्याकडे पाहिले. मी कॉलेजात मराठी शिकवतो; तेव्हा वरवर निरर्थक दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ मला लावता येत असला पाहिजे, अशी तिची जुनी समजूत आहे.

हा प्रश्न माझ्यापर्यंत का आला, तेही सांगितले पाहिजे. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. शिरगावात भाताची खाचरे होती त्या काळात त्यांनी इथे एक लहानसा तुकडा घेऊन बैठे घर बांधले. भोवती इमारती उठत गेल्या आणि शेवटी आमच्याही घराची इमारत झाली. बिल्डरकडून दोन सदनिका मिळाल्या आणि वर थोडी रक्कम मिळाली. ती रक्कम आईने आम्हा दोघां भावांच्या नावाने बँकेत ठेवली. तिची एकच अट होती: पैसे काढताना दोघांच्याही सह्या लागतील. म्हणजे गाडी धाकट्याची, कष्ट धाकट्याचे. पण पेन माझ्या खिशात.

भावाने मांडलेला हिशेब एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर होता. नळ्या, इंजिन, गिअरबॉक्स, मागची रुंद चाके, पट्टे, शिरस्त्राण, न जळणारे कपडे, आग विझवायची नळकांडी. बेरीज नऊ लाख चाळीस हजार. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'टेम्पो भाडे वेगळे' असे लिहिले होते. हा टेम्पो कशाला, म्हणून विचारले. अशी घरी बांधलेली गाडी आपल्याकडे रस्त्यावर आणता येत नाही. नव्या मोटारीचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे तिला नंबर मिळतो. तयार गाडीत मनाला येईल तसे फेरफार करायलाही मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. तेव्हा शर्यतीच्या जागेपर्यंत तिला टेम्पोत घालूनच न्यायचे.

"म्हणजे गाडीला न्यायला गाडी," आई म्हणाली. या वाक्यावर आमच्याकडे दोन दिवस कोणी काही बोलले नाही.

या सरळ शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. आपल्या बारा डब्यांच्या लोकलच्या साधारण दीडपट लांबी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावर दिवे क्रमाने पेटतात, हिरवा लागला की सुटायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात या खेळाने जोर धरला. तिथे सांता ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० साली तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या, आणि पोरांनी रात्री रस्त्यांवर एकमेकांचे जीव घेऊ नयेत म्हणून वॉली पार्क्स या गृहस्थांनी १९५१ साली त्यांची एक रीतसर संघटना काढली. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली धावपट्टी होती. तिच्यावर कित्येक वर्षे मोटारींच्या शर्यती झाल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या जागांचे लोकांनी काय काय केले, हा एखाद्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात लष्कराची छावणी होती. तिच्या बराकींत सिंधमधून उखडून आलेली माणसे उतरली आणि १९४९ साली तिचे शहर झाले. महाराष्ट्रात पाव मैलाच्या शर्यती लोणावळ्याच्या पलीकडे, ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. भाऊ तिथे दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा तो प्रेक्षक होता, आणि दोन्ही वेळा परत आल्यावर आठवडाभर जेवताना मीठ मागायला विसरला.

सरळ रेषेत, काही सेकंदांची, कोणाला कुठेही न पोहोचवणारी शर्यत! माझे शहरी सहकारी हे ऐकून हसले. मी हसू शकलो नाही, कारण मी शिरगावात वाढलो आहे. आमच्या भागात बैलांच्या शर्यती म्हणजे जीव की प्राण. शर्यतीचा छकडा ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना माझे म्हणणे पटेल. त्याला गाडी म्हणायचे ते केवळ चाके आहेत म्हणून. त्याच्यावर भाताचे एक पोते लादता येत नाही. सुताराने तासून तासून त्याच्यातले सगळे लाकूड काढून टाकलेले असते. बैलांच्या ताकदीला आणि हाकणाऱ्याच्या पायाला जेवढे लागेल तेवढेच उरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात या शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या सात वर्षांत आमच्या ओळखीचे एक काका आपल्या खिलारी जोडीला न चुकता पेंड आणि उडदाचे पीठ घालत होते. बैल ना नांगराला, ना शर्यतीला. त्यांना कोणी "काय उपयोग?" असे विचारले, तर ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत आणि विचारणाऱ्याला चहा देत. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझे मत काकांना आवडणार नाही. इंजिनाला शेपूट नसते आणि ती पिरगाळता येत नाही, हा आमच्या धाकट्याच्या बाजूचा एक मुद्दा मी मनात नोंदवून ठेवला.

भावाचे वर्कशॉप ग्रिल-गेटचे आहे. बदलापुरात नवी इमारत उठली की माणसे राहायला येण्याआधी खिडक्यांना जाळ्या लागतात. गेली वीस वर्षे तो लोकांच्या खिडक्यांना पिंजरे बसवतो आहे. तिथे एका रविवारी मी मुद्दाम जाऊन बसलो. म्हटले, सही करायची की नाही ते नंतर. आधी हे काय आहे ते तरी समजावून घेऊ.

त्याने मला चार पट्ट्यांची एक चौकट दिली आणि कोपऱ्यावर दाबायला सांगितले. चौकट लगेच तिरकी झाली, जुन्या खाटेसारखी. मग त्याने तिच्यात एक कर्ण टाकून दोन टाके मारले. आता मी अंगाचे सगळे वजन टाकले तरी ती हलेना. "झालं दादा, हेच. सगळी गाडी म्हणजे त्रिकोणच त्रिकोण." नेहमीच्या मोटारीत पत्र्याचे अंग आणि सांगाडा एकजीव असतात, पत्राच भार झेलतो. नळ्यांच्या गाडीत पत्रा नुसते पांघरूण. सगळा भार नळ्यांवर, आणि नळीला वाकवण्यापेक्षा ताणले किंवा दाबले तर ती कितीतरी जास्त सोसते. म्हणून प्रत्येक नळी अशी लावायची की तिच्यावर ताण येईल किंवा दाब येईल, वाकण्याची पाळी येणार नाही. जी नळी काहीच करत नाही ती काढून टाकायची. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या निबंधांतली विशेषणे काढत आलो आहे. हे शास्त्र मला एकदम घरचे वाटले.

नंतर सांध्याचे प्रकरण आले. एक नळी दुसरीवर नुसती टेकवून जोडता येत नाही. तिचे टोक माशाच्या तोंडासारखे कोरावे लागते, म्हणजे ती दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसते. फट राहिली आणि वेल्डिंगने बुजवली, तर सांधा दिसायला पुरा आणि आतून पोकळ. आमच्या व्याकरणातही दोन वर्ण जवळ आले म्हणजे संधी होतोच असे नाही. दोघांचेही रूप थोडे झिजावे लागते. मी हे बोललो, तर भाऊ म्हणाला, "तू हे वर्गात सांग, इथे ती पट्टी धर."

नळ्यांतही प्रकार आहेत. साध्या पोलादाची नळी पावणेदोन इंच व्यासाची घेतली, तर अमेरिकन संघटनेच्या नियमाप्रमाणे पिंजऱ्यासाठी तिची जाडी सुमारे तीन मिलिमीटर लागते. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची नळी दोन मिलिमीटरच्या थोडी वर असली तरी चालते. वजनात चांगलाच फरक पडतो. पण ती महाग, आणि तिला आर्गनचेच वेल्डिंग लागते. साध्या नळीला सी.ओ.टू. चालते. पण मला सगळ्यात आवडला तो त्याच पुस्तकातला दुसरा नियम. वेल्डिंग झाल्यावर सांध्यावर ग्राइंडर फिरवायचा नाही. जोड कसा भरला आहे ते तपासणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. घासून गुळगुळीत केलेला जोड नापास. खिडकीच्या ग्रिलचे गिऱ्हाईक मात्र जोड दिसला की कुरकुरते. त्यामुळे भावाचा अर्धा दिवस आपलेच चांगले जोड घासून नाहीसे करण्यात जातो.

वजनाचा हिशेब मीच मांडून पाहिला. पाव मैलाला लागणारा वेळ वजन आणि अश्वशक्ती यांच्या भागाकाराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे ताकद तीच ठेवून चालकासकट वजन निम्मे केले, तर वेळ निम्मा होत नाही. जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी होतो. मूळची टनभर वजनाची गाडी सोळा-साडेसोळा सेकंद घेईल, तर ही नळ्यांची गाडी तेरा. नऊ लाख चाळीस हजारांत तीन-साडेतीन सेकंद. मी हा आकडा भावाला मोठ्या गंभीरपणे सांगितला. त्याला वाटले, मी खूष होऊन सांगतो आहे. "साडेतीन सेकंद!" तो म्हणाला. "दादा, तिथे लोक दशांशासाठी मरतात."

मरतात, हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत गेला. इतके दिवस धाकटी भावजय काही बोलली नव्हती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "दादा, तुम्ही सगळं विचारलंत. आत बसणार कोण आणि ती थांबणार कशी, हे नाही विचारलंत."

आत तोच बसणार होता. आणि ती थांबणार कशी, हा प्रश्न तर या खेळातल्या जाणत्यांनाही छळत आला आहे. २००८ च्या जून महिन्यात अमेरिकेत इंग्लिशटाउन इथे स्कॉट कॅलिटा हा नामवंत चालक रेषेजवळ इंजिन फुटून, पुढे गाडी न थांबल्यामुळे गेला. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांची धाव १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणली. वाचलेली जागा थांबायला दिली. आमची गाडी त्या राक्षसांच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी शेवटी ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाईलच.

भावाने उत्तरादाखल डॉन गार्लिट्सची गोष्ट सांगितली. पूर्वीच्या लांबोळक्या शर्यतगाड्यांत इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या चाकांच्याही मागे, बेचकीतल्या खड्यासारखा. ८ मार्च १९७० रोजी लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर सुटता सुटताच गार्लिट्सच्या गाडीची गिअरपेटी पायांमध्ये फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. हा गृहस्थ इस्पितळात पडल्या पडल्या, इंजिन आपल्या पाठीमागे असलेली गाडी मनात रचू लागला. पुढच्याच वर्षी ती घेऊन तो पोमोनाची मोठी स्पर्धा जिंकला, आणि थोड्याच वर्षांत त्या वर्गातल्या सगळ्यांनीच इंजिने मागे नेली. "आपलंही मागेच आहे," भाऊ म्हणाला.

"त्यांचं पाऊल पण गेलं," भावजय म्हणाली, आणि आत गेली.

घरात वस्तू बांधणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ठेवले होते आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप केली, आणि आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना २०२२ साली नवी बोलेरो दिली. आईला ही दोन्ही उदाहरणे ठाऊक होती. पण विमान उडते आणि जीपमध्ये पोरे बसतात, हे तिचे उत्तर बिनतोड होते. आमच्या गाडीत एकच माणूस मावणार, आणि तो जिथून निघाला तिथेच उतरणार.

मी मात्र एका रात्री वेगळ्याच हिशेबाला बसलो. मी एम.ए. करत होतो तेव्हा भाऊ अंबरनाथच्या आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा कोर्स करत होता. वडिलांचा ओव्हरटाइम माझ्या पुस्तकांत आणि रेल्वेच्या पासात गेला. मराठी घेऊन एम.ए. करून पुढे काय, असे कारखान्यातले त्यांचे सोबती त्यांना विचारत. काहीजण माझ्यासमोर विचारत. वडील म्हणत, "त्याला येतंय ते." बस, एवढेच. या शिक्षणाचा उपयोग काय, हे त्यांनी मला कधी विचारले नाही. संतवाङ्मयाचे पेपर असत तेव्हा ते रात्रपाळीहून येऊन, मी जागा आहे का ते पाहून, आवाज न करता झोपत. धाकट्याने त्या काळात स्वतःसाठी एक हेल्मेटसुद्धा मागितले नव्हते. वेल्डिंगचा काळा चष्मा तेवढा मागितला होता.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे, तेव्हा माझ्या वाट्याचे पैसे कुठे जायचे ते ठरलेले आहे. त्यांना हात लागणार नाही, हे भावाने न विचारता पहिल्याच दिवशी सांगितले होते. प्रश्न त्याच्या वाट्याचा होता, आणि त्यावर सही माझी.

नवरात्रात आम्ही चौघे बसलो. मुलगी दाराशी उभी होती. तिला जा म्हटले तरी ती गेली नाही. भावजयीने तीन अटी घातल्या. आधी नुसता पिंजरा आणि सांगाडा होईल; तो पुरा झाल्यावर जोड तपासणारा माणूस बाहेरून आणायचा, धंद्यातला मित्र चालणार नाही. तो पास म्हणाला तरच इंजिनाचे पैसे. आणि रस्त्यावर कधीही नाही, रात्रीही नाही, आपल्या गल्लीतसुद्धा नाही. फेडरेशनची मान्यता असलेली शर्यत असेल तिथेच, परवाना काढून. मी चौथी अट घातली की नळी साधी घ्यायची. वजन वाढले तर वाढू दे, सेकंदाचा चौथा हिस्सा गेला तर जाऊ दे. ज्या नळीवर त्याचा वीस वर्षांचा हात बसला आहे, तीच. भाऊ थोडा हिरमुसला. तीन-चार मिनिटे तो लग्नपत्रिका उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "मग मागच्या बाजूला दोन कर्ण जास्त लागतील."

"लाव."

आईने विचारले, गाडी कोणत्या रंगाची असणार. मी सही केली. सध्या पहिल्या टप्प्याचेच पैसे काढले आहेत, दोन लाख दहा हजार.

अशी गाडी माणसाच्या मापाने बांधतात, हे मला तेव्हा कळले. आधी चालक, मग त्याच्याभोवती नळ्या. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या फरशीवर भावाने खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढला. मुलीला ती रांगोळीच वाटली. मग भिंतीलगत पाट ठेवून, पाय लांब करून, डोक्यात शिरस्त्राण घालून तो बसला. ओळंबा माझ्या हातात होता. वरची नळी शिरस्त्राणाच्या किमान तीन इंच वर हवी, असा नियम आहे. त्याने बसल्या बसल्या हात वर करून भिंतीवर खूण केली.

"तीन आहेत का बघ."

मी पट्टी लावली. तीन होते.

"चार कर," मी म्हणालो.

"दादा, एक इंच वर गेली की सगळी मापं बदलतात. पुढच्या नळ्या, कर्ण, सगळं."

"बदलू देत."

त्याने शिरस्त्राण काढून माझ्याकडे पाहिले. बाहेर भावजय त्याचा चहा झाकून ठेवत होती. त्याने तळहाताने भिंतीवरची खूण पुसली आणि पट्टी माझ्याकडून मागून घेतली.